अप्पाच्या जीपचे चार फोकस

लातूरला, तेही दुष्काळात, तेही ऐन फाल्गुनात कोण फिरायला जातं? आमच्या मंडळींनी मला हाच प्रश्न केला. माणसं महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. मी लातूर, नांदेड, हदगाव, हिमायतनगर, इस्लापूर असा फिरून आलो आणि आल्यापासून दुकानात जो येईल त्याला तेच सांगत बसलोय. शेवटी मंडळी म्हणाली, "एकदाचं लिहून काढा, म्हणजे गिऱ्हाइकं तरी सुटतील." म्हणून हे लिहिणं.

कोल्हापुरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्याआधी मी फौजेत होतो, गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात. तिथं माझ्या शेजारच्या खाटेवर शिवराजअप्पा असायचा. लातूरजवळच्या एका गावच्या लिंगायत दुकानदाराचा मुलगा, पण ड्रायव्हर म्हणाल तर एक नंबर. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि मटणाच्या दिवशी मेसच्या दारातसुद्धा उभा राहायचा नाही. मी त्याच्या वाटणीचं खायचो, म्हणून आमची दोस्ती घट्ट.

तर एके दिवशी शेजारच्या पेढीवर त्याचा ट्रंक कॉल आला. "दत्तू, जीप घेतली. फौजेचीच हाय, डिस्पोजलची. चार फोकस घेऊन ये."

"चार कशाला? वाघाच्या मागं लागलायस काय?"

"चाऱ्याच्या मागं लागलोय," तो म्हणाला आणि लाईन तुटली.

गुरुवार, लातूर

लातूर जिल्हा वेगळा होऊन अजून फार वर्षं झालेली नाहीत. जिकडं बघावं तिकडं नव्या पाट्या, आणि पाटीचा रंग भिंतीपेक्षा ताजा. भाड्याच्या बंगल्यात मोठी कचेरी, बंगल्याच्या मोरीत फायली. रिक्षावाला मी न विचारताच सांगत होता, "हे आमचं कलेक्टर हापिस. हितं जिल्ह्याचा दवाखाना व्हनार हाय. तिकडं कोर्ट व्हनार हाय." मी विचारलं, "आणि पाणी?" तो मागं न बघता म्हणाला, "ते बी व्हनार हाय." मला तो माणूस लई आवडला.

अप्पाचं भुसार दुकान गंजगोलाईच्या बाजारात आणि घर गावाबाहेर चार-पाच मैलांवर. अंगणात जीप उभी होती. हिरवा रंग उडालेला, टायर मात्र चांगले. मी आधी जीपला हात लावला, मग अप्पाला मिठी मारली. त्याची बायको महादेवीवैनी दारात उभ्या राहून हे बघत होत्या. "आलं का ध्यान!" असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण म्हणाल्या, "भाऊजी, आदी अंघोळ करून घ्या. पानी काढून ठिवलंय."

ही अंघोळ सांगण्यासारखी आहे. अंगणात बाजेवर बसायचं. बाजेखाली मोठं घमेलं. अर्ध्या बादलीचं पाणी तांब्यातांब्यानं अंगावर घ्यायचं, ते सुंभातून गळून घमेल्यात साठायचं. मी साबणाची वडी काढली तर वैनी आतून ओरडल्या, "साबन लावू नगा हो! ते पानी शेवरी पेती."

शेवरी म्हणजे त्यांची गाय. आमच्या पंचगंगेत मी पोहून वाढलोय, उन्हाळ्यात दिवसाला दोनदा. इथं गायीच्या परवानगीनं अंघोळ केली. आणि काय सांगू, अंघोळ झाल्यावर ती बया येऊन घमेल्यातलं पाणी प्यायली आणि माझ्याकडं बघून फुरफुरली. बहुतेक चव आवडली नसावी.

शेवरी देवणी जातीची होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांब लोंबते कान, डोळे असे शांत की आपणच आवाज कमी करावा. तिची आई वैनींच्या माहेराहून, उदगीरकडून, वैनींच्या लग्नात आलेली. आता शेवरी गाभण होती, पण पोट सोडलं तर बाकी सगळी हाडंच. पाठीवर हात फिरवला तर हात ठेचकाळत जावा.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि ताकाशिवाय केलेलं पिठलं. जेवताना अप्पानं सगळं सांगितलं. "दावनीला वाळकं पान न्हाई, दत्तू. छपरावरचा कडबा बी काढून घातला. कुठवर? डोळ्यासमोर उपाशी मारायची का तिला? हाळीच्या जनावरांच्या बाजारचा एक व्यापारी हाय, दूर कर्नाटकात जनावरं नेतो. त्याला म्हनलं, सोमवारी सकाळी ये. तवर चारा आला तर गाय माझी, न्हाई आला तर तुझी. जबान देऊन बसलोय."

"आणि चारा कुठं आहे?"

"इस्लापूरकडं. रानातलं गवत. गंजी घेऊन ठिवलीय, ट्रकबी ठरलाय. पर ट्रक रानात जात न्हाई, ट्रॅक्टरनं भाईर काढावं लागतं. नाले, दगडं, वाट कळत न्हाई. पुढं जीप पायजे, आन् जीपला उजेड पायजे."

वैनी ताटात भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी मी काई तिचं दावं सोडून देनार न्हाई हां. ज्यानं जबान दिली त्यानंच सोडावं." अप्पानं मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला. त्यानंतर कुणीच फारसं जेवलं नाही.

शुक्रवार, अंगण

फोकस कुठं बसवायचे यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

माझं म्हणणं होतं, चारही खाली, बंपरवर. धुळीत वरचा दिवा मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड धुळीच्या खालून गेला पाहिजे. अप्पाचं म्हणणं, चारही वर, काचेच्या चौकटीवर. "आता जिल्ह्याचं गाव हाय आमचं. लांबून दिसाया पायजेत."

"गाय वाचवायची का वरात काढायचीय?" मी म्हणालो. माझा आवाज जरा चढतो, त्याला इलाज नाही.

"दोन्ही!" अप्पाही चढला.

शेवटी दोन वर, दोन खाली असं ठरलं. वरचे पांढऱ्या काचेचे, खालचे पिवळ्या. भांडण मिटेपर्यंत अंगणात बरीच माणसं जमली होती, आणि प्रत्येकाला फोकसमधलं कळत होतं. कोल्हापुरातसुद्धा बघे जमतात, पण ते पानाची पिचकारी मारून निघून जातात. इथली माणसं बैठक मारून बसली. एक म्हातारबा सांगत होते, निजामाच्या काळात त्यांनी एका मोटारीला कंदील बांधलेला पाहिला होता, आणि तो ह्यापेक्षा बेस होता.

वीज गेलेली, त्यामुळं वेल्डिंग नाही. मग लोखंडी पट्ट्या वाकवून, हातड्रिलनं भोकं पाडून, नटबोल्टावर ब्रॅकेटं बसवली. प्रत्येक नटाखाली रबराची चकती, नाहीतर खडखडाटानं काच फुटते. बॅटरीपासून जाड वायर घेतली, मध्ये फ्यूज घातला. स्विचवर सगळा करंट आणला तर स्विच जळतो म्हणून रिले बसवला, म्हणजे स्विचनं नुसती खूण करायची आणि ओझं रिलेनं उचलायचं. पत्र्यातून वायर जिथं आत जाते तिथं रबरी कडी घातली, कारण वायर घासली की गाडी पेटते. मग चारही दिव्यांच्या काळ्या वायरी जिथं चॅसीला जोडायच्या तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला. वायरिंगमध्ये निम्मी दुखणी त्या न खरवडलेल्या रंगामुळं होतात. गिऱ्हाईक मात्र बल्बला शिव्या देतं.

काम झालं तसा अप्पा नारळ घेऊन आला. "थांब!" मी ओरडलो, "नारळ गाडीवर फोडायचा नाही. पाणी रिलेत गेलं तर मी आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला निघालो."

वैनींनी नारळ बाजूच्या दगडावर फोडला, पाणी भांड्यात धरलं आणि बघ्यांमधल्या म्हातारबांना दिलं. चारही काचांवर हळदीकुंकू लागलं. ते मी मुकाट्यानं सहन केलं. दिवस मावळताना अप्पानं स्विच दाबला आणि समोरच्या बाभळीपासून पार वेशीपर्यंत लख्ख उजेड पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवरीनं तेवढं तोंड फिरवलं.

शनिवार, नांदेड आणि पुढं

अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. वाटेत रानं अशी उघडी पडलेली की काळ्या मातीच्या भेगांत माझी पक्कड सहज मावली असती. गोदावरीचं पात्रही बरंच उघडं होतं. नांदेडला गुरुद्वाराच्या लंगरात जेवलो. अप्पाला तिथं जेवताना कधी विचारावं लागत नाही की भाजीत काय आहे, म्हणून तो खूश. मी डाळ दोनदा घेतली. आमच्या कोल्हापुरात पाहुण्याला आग्रह करून करून बेजार करतात. इथं कुणी आग्रह करत नव्हतं आणि कुणी नकोही म्हणत नव्हतं. ही पद्धत मला फार पटली.

हदगावच्या अलीकडं माझी जिरली. वरचा डावा फोकस हादऱ्यानं ढिला होऊन चक्क आभाळाकडं बघायला लागला. अप्पानं गाडी थांबवली, खाली उतरला, वर बघितलं आणि म्हणाला, "पाऊस हुडकतोय बिचारा." मी पाना काढला. नट आवळून त्याच्यावर दुसरा नट चढवला. हदगावच्या हॉटेलात गरम भजी खाल्ली, तिथल्या बाकावर कापसाच्या व्यापाऱ्यांची गप्पांची बैठक चालली होती. हिमायतनगरला चहा घेतला तोवर बोली बदललेली. लातूरचं "व्हनार हाय" मागं पडलं आणि सगळे "करून राहिलो, जाऊन राहिलो" करायला लागले.

आणि मग पळस. लातूरपासून रुक्ष रान बघत आलेल्या माणसाला इस्लापूरच्या अलीकडचा तो डोंगर बघून डोळे दिपतात. पानं सगळी झडलेली आणि झाडंच्या झाडं केशरी. पाणी नाही, पाऊस नाही, तरी एवढं फुलायला यांना कोण सांगतं? मी अप्पाला गाडी थांबवायला लावली. तो म्हणाला, "फुलं जनावर खात न्हाई, दत्तू. चल."

सहस्रकुंडाचा धबधबा जवळच, म्हणून बघून आलो. धबधबा कसला, काळ्या कातळाचे नुसते जबडे. खाली एका डोहात हिरवं पाणी आणि त्यात दोन म्हशी. मी मात्र एवढ्या लांब आलोय म्हणून काठावर बसून धबधबा बघितल्यासारखं केलं.

मुक्काम पोशट्टीच्या घरी होता. पोशट्टी म्हणजे ज्याचा ट्रॅक्टर अप्पानं ठरवला होता तो. उंच, सडपातळ, तेलुगू वळणाची मराठी आणि सारखं हसणं. त्यानं माझ्यासाठी कोंबडी केली होती. अप्पा वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन वैनींनी दिलेल्या दशम्या खात बसला आणि तिथून ओरडला, "दत्तू, माज्या वाटनीचं बी खा!" मी खाल्लं. फौजेतला नियम मोडायचा नसतो.

रविवार, इस्लापूरचं रान

सकाळी रानात गेलो. वनखात्याचा पास होता, गंजी जागेवर होती, गवत पिवळं आणि सुगंधी होतं. अप्पानं मूठभर हातात घेऊन चावून बघितलं. सगळं इतकं नीट चाललेलं की मला शंका यायला हवी होती.

ट्रॅक्टरची ट्रॉली निम्मी भरली आणि मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. काटा कसला, सुतारकामाचा खिळा. चाक काढा, इस्लापूरला न्या, ठिगळ लावा, परत आणा, बसवा. मग पुन्हा पेंढ्या चढवा. ट्रॉलीवर गवताचा मजला चढला, दोर आवळले, तेव्हा सूर्य पळसामागं गेला होता. आणि ट्रक उभा होता रानाबाहेर सडकेवर. ट्रकवाल्यानं सकाळीच बजावलं होतं, "धाब्यावर रात्रीचं जेवण होईपर्यंत थांबीन, मग रिकामा निघालो. सकाळी लातुरात दुसरं भाडं आहे."

"चल पोशट्टी, लायटी लाव," मी म्हणालो.

पोशट्टी हसला. "लायटा नाहीत सायेब. डायनामो मागंच काढून टाकला. दिवसा लागत नाही न, रात्री मी जात नाही."

आयला! मला असा राग आला की विचारू नका. चांगला ट्रॅक्टर, आणि पुढं दोन रिकाम्या खोबणी! पण रागानं उजेड पडत नाही. मी म्हणालो, आपल्याकडं चार फोकस आहेत, घाबरायचं काय?

आधी जीप मागं घेतली आणि ट्रॅक्टरवर पाठीमागून चारही फोकस मारले. गवताचा तो मजला उजळून निघाला आणि त्याची भलीमोठी काळी सावली बरोबर पोशट्टीच्या पुढं वाटेवर पडली. "सायेब, माझंच भूत पुढं चालून राहिलं!" तो ओरडला. वाटेतला नाला दिसेना की दगड दिसेना.

मग जीप पुढं घेतली. वरचा एक फोकस काढून मागं तोंड करून बांधला. दहा पावलं गेलो असू, जीपच्या चाकांनी धूळ उडाली, फोकस त्या धुळीवर पडला आणि पोशट्टीसमोर पांढरी भिंत. त्यानं ब्रेक दाबला. ट्रॉली तिरकी झाली, गवत हललं, एक चाक नाल्याच्या काठावर. आम्ही दोघंही धावलो. बाकी काही झालं नाही. अप्पा ट्रॉलीला हात लावून उभा राहिला.

त्यात बॅटरी भरतेय का ते सांगणारा अ‍ॅमीटरचा काटा खाली पडलेला. ट्रॅक्टरच्या चालीनं जीप हाकली तर डायनामो काही भरत नाही, आणि चार फोकस बॅटरी पिऊन टाकतात. असंच चाललो असतो तर सडक यायच्या आत जीपसुद्धा आंधळी झाली असती.

"पोशट्टी, पेंढ्या उतरव," अप्पा म्हणाला. "उद्या उजेडात नेऊ."

"आणि शेवरी?" मी विचारलं.

त्यानं ट्रॉलीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "जबान दिलीय ना, दत्तू."

मला त्याच्याकडं बघवेना म्हणून मी खाली बघितलं, जीपच्या मागच्या आसाकडं. आणि एकदम डोक्यात आलं. "अप्पा! आपण काफिला कसा चालवायचो?"

फौजेत गाड्यांची रांग अंधारात चालते तेव्हा मोठे दिवे लावायचे नसतात. प्रत्येक गाडीच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याला पांढरा रंग देतात. वर एक छोटा बल्ब, नुसता त्या गोळ्यावर पडणारा. मागचा ड्रायव्हर ना वाट बघतो ना आभाळ, तो पुढच्या गाडीचा पांढरा गोळा बघतो. गोळा वर गेला की चढ, वाकडा झाला की वळण. आम्ही दोघांनी असले किती गोळे रंगवले असतील, आणि इथं चार फोकसांच्या तोऱ्यात विसरून बसलो होतो.

नंबरप्लेटचा छोटा बल्ब काढला, उरलेल्या वायरीनं आसापर्यंत नेला. वैनींच्या दशम्यांच्या डब्याचं झाकण वाकवून त्यावर टोपी केली, म्हणजे उजेड फक्त खाली पडावा, पोशट्टीच्या डोळ्यात जाऊ नये. पेट्रोलच्या फडक्यानं गोळ्यावरचं वंगण पुसून काढलं. राहिला रंग. रानात पांढरा रंग कुठनं आणायचा? चुना म्हणाल तर पोशट्टी तंबाखूचासुद्धा शौकीन नाही.

अप्पा हळूच म्हणाला, "विभूती हाय माज्याजवळ."

त्यानं खिशातून वडी काढली आणि ती हातात धरून तसाच उकिडवा बसला. मी त्याला घाई केली नाही. माझ्यासारख्या माणसानं घाई केली नाही, यावरून ओळखा. वंगणानं माखलेल्या लोखंडाला विभूती लावायची, तीही गाडीच्या पोटाखाली, हे त्याला किती जड जात होतं ते दिसत होतं. मग त्यानं डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाला, "महादेवा, तुझ्याच नंदीच्या घरची गाय हाय. माफ कर." आणि प्यायच्या पाण्यात वडी कालवून जीपखाली सरपटत शिरला.

मी म्हणालो, "सगळा गोळा रंगव रे." पण आतून उत्तर आलं, "ते मला शिकवू नगंस." तो बाहेर आल्यावर मी बघतो तर आधी तीन बोटांनी तीन आडवे पट्टे, देवाला ओढतात तसे, आणि मग वरखाली सगळं पांढरं. पट्टे जरा जाड असल्यानं वाळल्यावरही ओळखू येत होते. पोशट्टीनं वाकून बघितलं आणि पागोटं काढून हात जोडले. "आता जातो सायेब. आता दिसून राहिलं."

मी पुढं पिवळे फोकस एक-एक करून गरजेपुरते लावत होतो, अप्पा जीप अगदी पावलाच्या चालीनं हाकत होता. मागून पोशट्टीचा ट्रॅक्टर गुरगुरत येत होता. नाला आला की अप्पा थांबायचा, मी उतरून दगड बाजूला सारायचो, मागं बघायचो. तो गवताचा डोंगर अंधारात डुलत डुलत बरोबर आमच्या चाकोरीतून यायचा. पोशट्टी कसलंतरी तेलुगू गाणं म्हणत होता आणि मधेच ओरडायचा, "महादेव डावीकडं गेला, मी पण डावीकडं!" मला हसू आवरेना. अप्पालाही हसू आलं, सबंध दिवसात पहिल्यांदाच.

सडकेवर पोचलो तेव्हा ट्रकवाला हात धुऊन, दात कोरत, ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता.

सोमवार

रात्रभराचा रस्ता सांगत बसत नाही. सकाळी कोवळ्या उन्हात अप्पाच्या गावची बाभळ दिसली. पुढं जीप, मागं गवताचा ट्रक. आणि अंगणात आधीच एक ट्रक उभा.

व्यापारी वेळेआधीच आला होता. शेवरीचं दावं अजून खुंट्याला होतं आणि वैनी त्या खुंट्याजवळ खाली बसून होत्या. गवताचा ट्रक वळला तसा वारा तिकडं गेला असावा. शेवरीनं मान उचलली, कान पुढं केले आणि अशी हंबरली की वैनी उठून उभ्या राहिल्या. अप्पा जीपमधून उतरला, पण पाय पुढं टाकेना. मीच पहिली पेंढी ओढून काढली आणि तिच्यापुढं टाकली. तिनं आधी वास घेतला, मग खायला सुरुवात केली, शांतपणे, कुणी बघतंय याची पर्वा न करता. वैनी पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडलो. लपवायचं काय त्यात.

व्यापारी बरा माणूस होता. म्हणाला, "अप्पा, जबान माझी बी हाय. गाय तुमची." आणि आपल्या ट्रकाकडं निघाला.

तेव्हा त्याच्या ट्रकातली जनावरं दिसली. पाच-सहा होती, कुठल्या कुठल्या गावांतून उचललेली. गवताच्या वासानं ती फळकुटाला नाकं लावून उभी होती, एकही आवाज न करता. व्यापारी संकोचून म्हणाला, "कर्नाटकापातूर हेन्ला काई भेटत न्हाई."

अप्पानं वैनींकडं बघितलं. ट्रकातलं गवत शेवरीला पावसाळ्यापर्यंत पुरेल की नाही याची चिंता दोघांच्याही तोंडावर होती. वैनींनी डोळे पुसले, पदर खोचला.

"भाऊजी, वर चढा," त्या म्हणाल्या. "टाका त्यांच्या गाडीत."

मी चढलो आणि टाकायला लागलो. दोन टाकल्या, चार टाकल्या, थांबलो. "टाका की!" त्या खालून ओरडल्या. मी टाकतच राहिलो, ती मुकी जनावरं मान खाली घालून तुटून पडली तोवर. व्यापाऱ्याचा ट्रक हलला तेव्हा सगळ्यांची तोंडं चालू होती. तो वेशीबाहेर वळेपर्यंत वैनी रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता आपलं किती उरलं ते मोजू नगा हो कुनी."

अप्पा जीपकडं गेला, मागं बांधलेला फोकस सोडून पुन्हा वर पुढं बसवला, आत बसला आणि भर उन्हात चारही फोकस लावले. बाभळीवर, भिंतीवर, शेवरीच्या पाठीवर. उन्हात दिसत काहीच नव्हतं.

"अरे, वरात काढतोयस काय? बॅटरी बसंल!" मी ट्रकावरून ओरडलो.

"बसू दे," अप्पा म्हणाला.